तात्पुरता आवाज

सोमवार, ६ जानेवारी

एकदाची इंटर्नशिप मिळाली. वर्गातल्या बाकीच्यांना वर्तमानपत्रं, रेडिओ, जाहिरात कंपन्या असं काय काय मिळून गेलं होतं आणि मी आपली "बघतेय" म्हणत हिंडत होते. शेवटच्या सत्रात इंटर्नशिपची क्रेडिट्स पडली नाहीत तर पदवी नाही. मग बाकीच्या विषयांत पहिला नंबर आला तरी तो चाटत बसा, असं आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "चाटत" हा शब्द माझा, अर्थ त्यांचा.

एजन्सी लहानशी आहे. खाली दातांचा दवाखाना, वर एजन्सीच्या तीन खोल्या, त्यातली एक रेकॉर्डिंगची. लिफ्टमधल्या, दुकानातल्या, फोनवरच्या सूचना इथे लिहितात आणि रेकॉर्ड करतात. "कृपया प्रतीक्षा करा" हेसुद्धा कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलेलं असतं, हे मला संवादशास्त्राची अडीच वर्षं शिकूनही कधी सुचलं नव्हतं. मालकांना सगळे मागे 'दाढी' म्हणतात, तोंडावर 'सर'. रेकॉर्डिंग करणारा दादा कानावरचा हेडफोन जेवतानाही काढत नाही, म्हणून मी त्याचं नाव हेडफोन ठेवलं.

घरी आल्यावर आईबाबांना क्रेडिटचे नियम वाचून दाखवले. ज्या कामावर जाल तिथे नातलग नको. अहवालात तुमचं स्वतःचं योगदान काय ते लिहा. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना मॅडम स्वतः फोन करून विचारणार.

"नातलग का नको?" आईनं विचारलं.

"वशिल्यानं मार्क मिळवतात म्हणून."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

गुरुवार, ९ जानेवारी

आज चहाच्या वेळी सगळे आपापल्या घरच्यांबद्दल बोलत होते. माझी पाळी आल्यावर मी नेहमीचं म्हणाले, "आई वाहतूक खात्यात आहे." हे खोटं नाही. खरंही नाही.

आई बसस्थानकावर घोषणा करते. जिना चढून वर एक काचेची खोली आहे, तिथे माइकपुढे बसते. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे. शाळेत असताना पोरं नाक चिमटीत धरून माझ्यासमोर आईची नक्कल करायची आणि मला 'फलाटाची पोर' म्हणायची. एकदा मी रडत घरी आले तर आई म्हणाली, "मग तू त्यांना नीट करून दाखव ना, त्यांची नक्कल चुकत असेल." आईला लाज कशी ती ठाऊकच नाही. तिच्या वाटणीची मीच बाळगत आले आहे.

प्रत्येक घोषणेच्या शेवटी ती स्वतःच्या पदरचं एक वाक्य घालते, "घाई करू नका, गाडी उभी आहे." तिला हे कुणी सांगितलेलं नाही. मागच्या एका साहेबांनी तर बंदच करायला सांगितलं होतं. ते बदलून गेले, वाक्य राहिलं. घरीही मी घाईघाईत दूध गिळायला लागले की आई तेच म्हणायची.

शुक्रवार, १७ जानेवारी



नवीन काम आलं, आणि ते आमच्याच बसस्थानकाचं. सगळ्या घोषणा आता रेकॉर्ड केलेल्या, एकदा भरल्या की यंत्र आपोआप लावणार. दाढीनं सध्याची घोषणा ऐकायला म्हणून फोनवर टिपून आणलेलं लावलं. आई होती. खरखर, शिट्टी, मग आईचं हेल काढून, "फलाट क्रमांक चाऽऽर." दाढीनं खुर्चीतल्या खुर्चीत मान डोलवत साथ दिली, हेडफोननं लांबवलेला "चाऽऽर" पुन्हा पुन्हा लावला. सगळे हसले.

मी पण हसले. नुसती हसले नाही, बाकीच्यांपेक्षा जास्त हसले, डोळे पुसावे लागले इतकी. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं, तरी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मग नातलगाचा नियम आठवला. मॅडमला कळलं तर काम हातचं जायचं, असं मनाशी म्हटलं आणि बरं वाटलं. नियमाच्या आड लपायची सोय झाली. नियम नसता तरी मी गप्पच बसले असते, हे इथे लिहून ठेवते, कारण इथे कुणी वाचणार नाही.

बुधवार, २२ जानेवारी

जेवताना आईनंच विषय काढला. स्थानकावर यंत्र बसवणार आहेत. आईला खालच्या चौकशीच्या खिडकीवर बसवणार. पगार तोच, पण त्यासाठी तिची लेखी संमती हवी, आणि आई ती देत नाहीये.

"तो माइक काय तुझ्या माहेरचा आहे का?" बाबांनी विचारलं. बाबा चष्म्याच्या दुकानात काम करतात, त्यांना सगळ्यांचं सगळं स्वच्छ दिसतं.

"माहेरचा नाही. पण माझा आहे," आई म्हणाली. "खिडकीवर काय, कुणीही बसेल. साहेबांना सांगितलंय, सही द्यायची नाही म्हणजे नाही. यंत्राला काय कळतंय, म्हातारं माणूस अजून पायरीवर आहे की चढलं ते?"

मग माझ्याकडे वळली. "तुमच्यात शिकवतात ना गं हे सगळं? तू सांग, यंत्र चांगलं की माणूस?"

मी म्हणाले, "दोन्हीचे फायदे-तोटे असतात." आई हसली. "परीक्षेत लिहिल्यासारखं बोलतेस, ठमे." मी ताटात बघून जेवत राहिले. ते यंत्र कोण भरतंय, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलले.

मंगळवार, २८ जानेवारी

आज पहिल्यांदा माइकपुढे बसले. खरा आवाज एका व्यावसायिक बाईंचा असणार आहे, पण त्यांना अजून वेळ नाही. तोवर कुठली घोषणा किती सेकंदांत बसते ते बघायला कुणीतरी वाचून ठेवायचं असतं. त्याला इथे 'तात्पुरता आवाज' म्हणतात. हे काम नेहमी इंटर्नच्या गळ्यात पडतं, कारण ते नंतर पुसून टाकतात. "भाव नको, नुसतं वाच," हेडफोन म्हणाला.

नुसतंच वाचत होते. एका घोषणेच्या शेवटी जागा उरली, त्यानं काचेतून हातानं खूण केली, अजून चालू ठेव. माझ्या तोंडून निघून गेलं, "घाई करू नका, गाडी उभी आहे."

त्यानं अंगठा वर केला. मला मात्र कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं झालं. म्हटलं जाऊ दे, पुसणारच आहेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज दाढी आणि हेडफोन स्थानकावर नमुना ऐकवायला गेले होते. साहेब, कंडक्टर, घोषणावाले, सगळ्यांना बोलावून ऐकवणार होते. मी डोकं दुखतंय सांगून ऑफिसातच थांबले. आईसमोर कोणत्या तोंडानं उभी राहणार होते?

संध्याकाळी आई नेहमीपेक्षा उशिरा आली. मी भांडणाच्या तयारीत बसले होते, पण ती अगदी शांत होती. चपला काढल्या, हात धुतले, पिशवीतून मधाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"हे कशाला?"

"घसा जपावा. कोमट पाण्यातून घेत जा सकाळी."

"मला काय झालंय घशाला?"

"काही नाही. नीट आहे. छान आहे," आई म्हणाली. मग म्हणाली, "सही करून टाकली मी आज."

का म्हणून विचारलं तर म्हणे, कंटाळा आला, गुडघे दुखतात, तो जिना रोज कोण चढेल. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं बाबांकडे पाहिलं, आणि दोघंही टीव्ही बघायला लागले.

माझा जीव भांड्यात पडला. आता माझ्यामुळे काही झालं असं नाही. तिचं तिनंच ठरवलं. रात्री तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, तर म्हणाली, आज फारसे दुखत नाहीयेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घोटाळा झाला आहे. व्यावसायिक बाईंनी मध्यंतरी नमुन्याची फाइल पाठवली होती, तिच्याऐवजी हेडफोननं काल चुकून माझीच फाइल लावली. तात्पुरती. आणि स्थानकावर ती सगळ्यांना पसंत पडली. साहेब म्हणाले, हाच आवाज हवा, आणि ते शेवटचं वाक्य सगळ्या घोषणांना लावा.

दाढी खूश. त्या बाईंचे पैसे वाचले, आणि इंटर्नला काही द्यायचं नसतं. "ते वाक्य कागदावर नव्हतं," तो म्हणाला, "कुठून आणलंस?"

मी म्हणाले, "सहज सुचलं, सर."

सहज. सुचलं. दोन शब्द बोलायला किती कमी वेळ लागतो.

आता रात्रभर एकच विचार. आईनं ओळखलं असेल का? पण ओळखलं असतं तर बोलली असती. आईच्या पोटात काही राहत नाही, शेजारणीच्या घरी पाहुणे यायच्या आत आमच्याकडे बातमी आलेली असते. शिवाय त्या कर्ण्यातून माणसाचा आवाज धड ओळखू तरी येतो का? नसेलच ओळखलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सगळ्या घोषणा रेकॉर्ड झाल्या. मला नाही म्हणता आलं असतं. दाढी चिडला असता, कदाचित प्रमाणपत्र अडलं असतं, पण नाही म्हणता आलं असतं. मी "हो सर" म्हणाले आणि दर वेळी त्या वाक्यापाशी पाणी प्यायले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आईचा माइकवरचा शेवटचा दिवस. सकाळी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुपारी जाऊन बस तिच्यापाशी थोडा वेळ. तिला बरं वाटेल." ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दाढ दुखणाऱ्या लोकांकडे बघत होते.

संध्याकाळी आई खुर्चीवरची उशी आणि माइकवर घालायचं फडकं घेऊन आली. फडकं तिनं स्वतः शिवलेलं, कडेला निळी नक्षी. ते धुऊन वाळत घातलं. मी विचारलं, "वाईट वाटलं का?" ती म्हणाली, "थोडं वाटलं. पण आता जो आवाज लागणार आहे तो चांगला आहे गं. स्वच्छ आहे. माझा फार हेल यायचा."

मी उठून आत गेले. ती माझ्यासमोर माझी स्तुती करत होती आणि तिला बिचारीला माहीतही नव्हतं. इतकी लाज मला शाळेत कधी वाटली नव्हती. तेव्हाची लाज तिची वाटायची, आताची माझी स्वतःची आहे.

सोमवार, १० मार्च

मी हल्ली स्थानकावरून जातच नाही. कॉलेजला जायला मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घेते. आज पाय फारच दुखले म्हणून फाटकातून गेले, तर एक कंडक्टर, ज्याला मी ओळखतही नाही, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय ताई, झकास." चहाच्या टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. लोकांना काय झालंय कळत नाही. आईच्या जुन्या ओळखी असतील.

वर माझा आवाज चालू होता. मी चहा अर्धा टाकून निघाले.

गुरुवार, २७ मार्च

अहवाल लिहितेय. 'स्वतःचं योगदान' या भागावर अडले. लिहिलं, "घोषणेचं समारोपाचं वाक्य मी सुचवलं." खोडलं. लिहिलं, "हे वाक्य स्थानकावर आधीपासून वापरात होतं." मग योगदान काय राहिलं? आवाज? तो तर चुकून लागला. हे खोडलं आणि पहिलं पुन्हा लिहिलं.

आई मागून येऊन म्हणाली, "झाला का अहवाल?" मी स्क्रीन खाली केली. "तुमच्या मॅडम फोन कधी करणार गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, करतील तेव्हा करतील, तुला काय त्याचं. उगीचच ओरडले तिच्यावर. ती मधाची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी आजवर एकदाही त्यातला मध घेतलेला नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज तोंडी परीक्षा झाली. जसं झालं तसं लिहिते.

समोर मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. मागे वर्गातली बाकीची मुलं. मी सादरीकरण केलं, आवाज ऐकवला, 'स्वतःचं योगदान'वाली स्लाइड पटकन पुढे सरकवली. परीक्षकांनी ती मागे घ्यायला सांगितली.

"हे वाक्य खरंच तुमचं?" त्यांनी विचारलं. "फार साधं आहे, म्हणून विचारतो. साधं सुचणं अवघड असतं."

मी उत्तर द्यायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "तेवढी खात्री मी केली आहे, सर. मी स्थानकावर फोन केला होता. साहेब जागेवर नव्हते, चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी उचलला. त्या बऱ्याच वर्षांपासून तिथे आहेत म्हणाल्या. त्यांनी फार कौतुक केलं. म्हणाल्या, आधीचा आवाज जुना झाला होता, कुणी ऐकत नव्हतं, आता लोक थांबून ऐकतात. मी विचारलं, शेवटचं वाक्य आधी कुणी म्हणायचं का? तर म्हणाल्या, नाही हो, कुणीच नाही, ते त्या मुलीचंच. बाई इतक्या आपुलकीनं बोलत होत्या की मी विचारलं, तुम्ही ओळखता का तिला? तर म्हणाल्या, छे, नुसता आवाज ऐकलाय."

माझ्या हातातला रिमोट खाली पडला. एका मुलानं उचलून दिला.

मध. सही. गुडघे. "छान आहे घसा." पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिनं, त्या खरखरणाऱ्या कर्ण्यातून. माझी क्रेडिट्स अडू नयेत म्हणून माइक सोडला, आणि नातलगाचा नियम मीच वाचून दाखवला होता म्हणून मला अनोळखी करून टाकलं. आणि मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत बसले होते.

परीक्षक माझ्याकडे बघत होते. आताही सांगता आलं असतं. अख्खा वर्ग होता, मॅडम होत्या, यापेक्षा चांगली वेळ कुठली? मी म्हणाले, "थँक यू, मॅडम." पूर्ण मार्क पडले.

तिथून थेट स्थानकावर गेले, पुढच्या रस्त्यानं. चौकशीच्या रांगेत उभी राहिले. काय बोलायचं ते रांगेत मनात जुळवत होते, सगळं, त्या दिवशी दाढीबरोबर हसले तिथपासून. माझी पाळी आली. आई खाली बघून वेळापत्रकाची पानं उलटत होती.

"बोला," ती म्हणाली, आणि मग वर पाहिलं. "तू? झाली परीक्षा?"

"झाली."

"किती?"

"पूर्ण."

तिचा चेहरा असा फुलला की जुळवलेलं पहिलं वाक्यच मी विसरले. काचेच्या भोकातून तिचा हात दिसत होता, तो धरावासा वाटला. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, विचारायचंय की नाही?"

"बाजूला हो ठमे, लोक थांबलेत," आई म्हणाली. "घरी बोलू."

मी खिडकीच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या मागे उभी असलेली बाई आपलं विचारून झाल्यावर बॅग घेऊन माझ्याशेजारी येऊन थांबली. जरा वेळानं तीच बोलायला लागली.

"भल्या आहेत हो आतल्या बाई. नीट सांगतात. तो वर आवाज येतो ना गाड्यांचा, तो त्यांच्या मुलीचा आहे म्हणे. मागच्या खेपेला मी विचारलंही नव्हतं, आपण होऊन सांगितलं त्यांनी. सगळ्यांनाच सांगतात. फार शिकलेली आहे म्हणे मुलगी."

मी मान हलवली.

"तुम्ही ओळखता का त्यांना?" तिनं विचारलं.

"माझी आई आहे," मी म्हणाले. पण तेवढ्यात वर घोषणा सुरू झाली, माझ्याच आवाजातली, आणि त्या बाईंना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. घोषणा संपायची वाट बघता आली असती. मी बघितली नाही.

"माझी आई आहे ती," मी ओरडून सांगितलं. "आणि गाडी उभी आहे, हे वाक्यही तिचंच आहे. माझं नाही."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. फलाटावरच्या बाकांवरूनही दोघंतिघं बघत होते. मला लाज वाटली, पण पळून जावंसं वाटलं नाही. काचेआड आईनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पदरानं डोळे टिपले, आणि समोरच्या माणसाला म्हणाली, "बोला."